मैनेचा पहारा

भातावरचं झाकण सारखं उचलून पाहिलं म्हणून भात लवकर शिजत नाही, हे हाजराने आपल्या सहावीच्या वर्गाला किती वेळा सांगितलं असेल त्याची गणतीच नाही. पण त्या रविवारी सकाळी साडेसातला ती स्वतः लॅपटॉपपुढे बसली होती आणि दर दोन मिनिटांनी झाकण उचलत होती.

"मैना, झालं का?"

"नाही बाई. एकूण दोन हजार एकशे चाळीस तुकडे आहेत. एकोणीस झाले."

"आणि आता?"

"आता वीस."

मैना म्हणजे लॅपटॉपमधली मदतनीस. तिला साध्या मराठीत काम सांगावं आणि तिने दुसऱ्या प्रोग्रॅमांकडून ते करून घ्यावं, अशी व्यवस्था. अशा मदतनिसाला हल्ली एजंट म्हणतात; पण एजंट म्हटलं की हाजराला विम्याचे हप्ते आठवत, म्हणून तिने तिचं नाव मैना ठेवलं होतं. हाजराने तोंडी विचारलं की ती टंकून उत्तर देई, आणि हाजरा बाहेर असली तर फोनवर निरोप पाठवी.

काम मोठं होतं. राजिवड्यात हाजराच्या घराला लागूनच गनीचाचांचं घर. चाचा ब्याऐंशी वर्षांचे. उमेदीत मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, पुढे आखाती देशांच्या बोटींवर. वारा, पाणी, जाळी, दोर, या सगळ्यांचे शब्द त्यांच्या तोंडी होते आणि शाळेतल्या मुलांच्या कानावरून ते कधी गेलेही नव्हते. हाजराला त्या शब्दांचं एक छोटं पुस्तक करायचं होतं. चार महिने ती रोज संध्याकाळी चाचांच्या पडवीत फोन ठेवून त्यांना बोलतं करत होती. पस्तीस-छत्तीस तासांचं बोलणं जमलं होतं. आज ते बोलणं प्रोग्रॅम मिनिटामिनिटाच्या तुकड्यांनी ऐकणार, लिहून काढणार, आणि जो शब्द कळणार नाही त्याची यादी शेवटी देणार होता.

ती यादीच खरी महत्त्वाची. कारण न कळलेल्या शब्दांचे अर्थ सांगणारा माणूस आज चार वाजता घर सोडणार होता. चाचा मस्कतला लेकीकडे राहायला निघाले होते. पाच वाजून दहा मिनिटांच्या गाडीने मुंबई आणि उद्या विमान. मग फोनवर विचारावं की! तर तेच जमत नव्हतं. समोर बसलं की ओठ बघून चाचा सगळं ऐकत. फोन कानाशी नेला की कानातलं यंत्र शिट्टी घाली आणि चाचा फोनला शिव्या घालत. तेव्हा चारच्या आत यादी हातात आली तर पुस्तक, नाही तर नुसतंच छत्तीस तासांचं बोलणं.

"बाई," मैनेने लिहिलं, "तुम्ही विचारता, मी बघते, मी सांगते, तुम्ही परत विचारता. यात आपण दोघी अडकून पडलो. त्यापेक्षा मी कामावर एक पहारेकरी बसवते. प्रोग्रॅम काम करताना आपल्या वहीत एकेक ओळ लिहीत जातो. पहारेकरी ती वही बघेल आणि कळवण्यासारखं काही दिसलं की आपल्याला हाक मारेल. तोवर तुम्ही तुमची कामं करा."

"कळवण्यासारखं म्हणजे काय?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मला सगळंच कळव," हाजरा म्हणाली, आणि पिशवी घेऊन मासळी आणायला निघाली.

कोपऱ्यावर पोहोचायच्या आत फोन थरथरला. निरोप होता: 'नमस्कार ताई. बसू का?'

हाजराला हसू आलं. ही वहीतली पहिली ओळ; तो प्रोग्रॅम प्रमोदने लिहिला होता. प्रमोद संगमेश्वरचा, तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत सहायक. इतका अदबशीर की दाराशी चपला काढतानाही त्या चपलांना बाजूला व्हा म्हणेल. त्याचा प्रोग्रॅमसुद्धा परवानगी घेतल्याशिवाय बसणार नव्हता.

फोन पुन्हा थरथरला. 'पहिला तुकडा घेतला.' मग, 'दुसरा तुकडा घेतला.' मग तिसरा. मिनिटाला सात निरोप, आणि पहारेकऱ्याने वही पहिल्या पानापासून वाचायला घेतलेली. मासळीवालीपुढे हाजरा बांगड्यांचे डोळे बघत होती तेव्हा फोन पिशवीत असा काही थडथडत होता की मासळीवालीने हातातली सुरी खाली ठेवली.

"बाई, तुमच्या फोनला हिवताप भरलाय काय?"

"त्याला म्हटलं सगळं सांग. तो सांगतोय."

"आमच्या घरातपण हाय असा एक," मासळीवाली म्हणाली. "जेवला तरी सांगतो, आंचवला तरी सांगतो."

हाजरा घरी पोहोचेपर्यंत थडथड एकदम थांबली. शेवटचा निरोप मैनेचा होता: 'पहारेकरी बंद पडला.'

हाजरा धावतच आत आली. बांगडे ओट्यावर टाकले, तेही कसेबसे.

"मैना! बंद पडलं? मेलं का काम?"

"काम चालू आहे बाई. बंद पडला तो पहारेकरी. पहाऱ्याच्या साधनाचा नियमच आहे, फार बडबड केली की त्याला आपोआप गप्प करायचं. कारण दर मिनिटाला सात वेळा हाक मारणाऱ्याकडे शेवटी कोणी लक्ष देत नाही."

हे हाजराला पटलं. वर्गात 'बाई, बाई' म्हणून सतत हात वर करणारी एक मुलगी होती. तिच्या पोटात खरोखर दुखलं त्या दिवशी ते कळायला अर्धा तास लागला होता.

"मग आता फक्त शेवट कळव," ती म्हणाली. "प्रमोदने मला सांगितलंय, काम पुरं झालं की प्रोग्रॅम 'झालं' असं लिहितो. तेवढा शब्द दिसला की हाक मार."

"आणि काम बिघडलं तर?"

"बिघडलं तर 'चूक' लिहील ना. तोही शब्द बघ."

"बरं. 'झालं' किंवा 'चूक'. बाकी काही आलं तर मी गप्प."

आणि घर शांत झालं. इतकं शांत, की हाजराने बांगडे साफ केले, तिरफळं घालून आमटी केली, भात टाकला आणि त्याचं झाकण एकदाच उचललं. हिशेबाने काम साडेबारापर्यंत संपायला हवं होतं. साडेबारा वाजले. फोन गप्प होता. एक वाजला. फोन गप्प. चूकही नाही, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं हाजराने स्वतःला सांगितलं आणि जेवून घेतलं.

दोन वाजता दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून चाचांचं डोकं दिसलं. प्रवासाची टोपी आताच चढवलेली.

"काय गो हाजरा, झाला का नाय तुझा काम?"

"होतंय चाचा!" ती ओठ मोठे करून म्हणाली.

"तुझ्या त्या मशिनीला सांग, चार वाजता रिक्षा येणार. माझ्यापेक्षा हळू कोण चालतो ता बघायचाय मला!"

चाचांच्या मागून त्यांची नात झारा ओरडली, "दादाजी, ती बरणी बॅगेत मावत नाय! लोणचं कशाला मस्कतला?" झारा त्यांना मुंबईपर्यंत सोडायला जाणार होती. चाचांनी ते ऐकूच आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचे काही फायदेही असतात.

हाजरा आत आली. "मैना, उशीर का होतोय?"

"'झालं' आलेलं नाही. 'चूक'ही आलेली नाही. वहीतल्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमने तो येत असल्याचं कळवलं आहे. त्यामुळे मी वाट बघते आहे."

येतोय म्हणे. हाजराने गडग्यावरून चाचांना खूण केली: येतंय, येतंय. चाचांनी घड्याळ दाखवलं.

अडीच वाजले. मैनेचं उत्तर तेच. पावणेतीन वाजले. तिला अचानक आपलाच एक नियम आठवला. मुलं भांडणाची तक्रार घेऊन आली की ती विचारायची, 'तो काय म्हणाला ते तुझ्या शब्दांत नको. त्याच्या शब्दांत सांग.'

"मैना, तो येत असल्याचं कळवलंय म्हणजे त्याने काय लिहिलंय? त्याची ओळ जशीच्या तशी दाखव. वेळेसकट."

ओळ आली.

'अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं. बरं, येतो मंडळी.'

हाजराने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने कपाळावर असा हात मारला की गडग्यापलीकडे चाचांनाही तो ऐकू गेला असावा.

"अगं मैने, तो गेला!"

"कुठे, बाई? तो तर येतो म्हणतोय."

"आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणतं का कोणी? जाणारा माणूस 'येतो' म्हणून जातो. तो तीन तासांपूर्वी उठून गेलाय आणि आपण इथे पाट मांडून वाट बघतोय!"

मैनेने आधी प्रोग्रॅम तपासला. मग लिहिलं.

"बाई, माणसं निरोप घेताना 'येतो' म्हणतात हे मला माहीत होतं. प्रोग्रॅमसुद्धा निरोप घेऊन निघेल हे माझ्या लक्षात आलं नाही. शिवाय त्याचे शब्द न दाखवता मी माझा अर्थ तुम्हाला सांगितला. ती माझी चूक. आत्ता बघितलं, प्रोग्रॅम खरंच चालू नाही. एक हजार आठशे बावन्न तुकडे झाले आणि डिस्कवरची जागा संपली."

हाजराने प्रमोदला फोन लावला. प्रमोद अलोऱ्याला भाच्याच्या जावळाला गेला होता. तिसऱ्या खेपेला फोन लागला, मागे सनई आणि रडणारं पोर.

"प्रमोद, तुझा प्रोग्रॅम 'येतो' म्हणून निघून गेला!"

"अरे देवा. जागा संपली का ताई? जागा संपली की तो तसं म्हणतो."

"पण 'चूक' का नाही लिहिलंस?"

"चूक त्याची कुठे होती ताई? जागा आपण नाही दिली," प्रमोद कळवळून म्हणाला. "आणि इंग्रजीत अशा वेळी लिहितात, प्रोग्रॅम मेला. घरात आईपुढे बसून लिहीत होतो. तिने विचारलं, काय लिहितोस? आता तिच्यासमोर मेला कसं लिहू? साधं 'जातो' म्हटलं तरी ती पाटावरून उठते. म्हणून म्हटलं, येतो. परत सुरू होतोच ना तो! जागा करून द्या, 'उरलेलं' असा शब्द देऊन सुरू करा. झालेलं परत करत नाही तो." तेवढ्यात पोराने सूर लावला आणि फोन कट झाला.

जागा कुणी खाल्ली होती ते मैनेने शोधून काढलं: हाजराच्या नणंदेच्या, अलिझाच्या लग्नाचं चित्रीकरण. तीन कॅमेरे, अकरा तास.

"यात चार तास नुसते पाहुणे जेवताना दिसतात," मैनेने कळवलं.

"ते चार तास बाहेरच्या डिस्कवर हलव. पुसू नको हां! त्यात माझ्या सासूबाई बिर्याणीला नावं ठेवताना आहेत, ते सगळ्यांना हवं असतं."

तीन वाजून तीन मिनिटांनी प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला. 'आलो ताई. बसू का?'

"बस बाबा, बस," हाजरा म्हणाली. मग मैनेकडे वळली. आता तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. रागावलेला नाही, नीट समजून घेणारा. "आता पहारा कसा ठेवायचा ते आधी ठरवू. पहिल्यांदा आपण सगळं ऐकलं आणि कंटाळलो. दुसऱ्यांदा आपल्याला हवे तेवढे दोन शब्द ऐकले, आणि तिसरं काही झालं तेव्हा बहिरे राहिलो. गप्प बसलेलं पोर अभ्यासच करत असेल असं नाही."

"तर या वेळी शब्दांच्या भरवशावर राहायचं नाही," मैनेने लिहिलं. "पहारेकरी दर अर्ध्या मिनिटाला प्रोग्रॅमचा श्वास चालू आहे का ते बघेल. थांबला, मग तो काहीही म्हणून थांबलेला असो, लगेच हाक. मधे दर पन्नास तुकड्यांना एक निरोप, म्हणजे निरोप आला नाही तर तो अडकला हेही कळेल. आणि ओळ येईल ती त्याच्याच शब्दांत."

"शाबास. बस."

पन्नास झाले. शंभर झाले. हाजराने झाकण उचललं नाही. ती गडग्यावर जाऊन उभी राहिली आणि झाराला लोणच्याची बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून द्यायला लागली. दीडशे. दोनशे. झाराने विचारलं, "आपा, तुम्ही घड्याळाकडे बघतच नाही आज?" हाजरा म्हणाली, "बघणारा ठेवलाय." पण तिचा हात टॉवेलची गाठ तिसऱ्यांदा बांधत होता.

तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी निरोप आला: 'झालं. यादी तयार आहे. एकेचाळीस शब्द. बरं, येतो मंडळी.'

"जा बाबा, सुखाने जा," हाजरा म्हणाली आणि फोन घेऊन चाचांसमोर येऊन बसली.

यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे वाक्य होतं आणि प्रोग्रॅमचा प्रश्न होता. हाजरा ओठ मोठे करून वाचायची.

"चाचा, 'भांगाच्या दिवसात पाणी कमी'. तो विचारतोय, भांग म्हणजे पिण्याची की केसांतला?"

चाचा एवढे हसले की टोपी घसरली. "अगो, अष्टमीच्या आसपास भरती थोडीच येता, ओहोटी थोडीच जाता. तो भांग! पुनवेला आन अवसेला उधाण. पिऊन कोण बोट चालवील?"

"'समुद्रात नांगर टाकला'. तो म्हणतो, समुद्रात शेती कशी करता?"

"त्याला म्हणावं, ये, तुला बैल देतो!"

"'डोल लावला'. कोण डोलत होतं, विचारतोय."

"मासळी डोलत होती, जाळ्यात शिरून! डोल म्हंजे जाळा, पिशवीसारखा."

रिक्षा आली तेव्हा अकरा शब्द झाले होते. हाजरा रिक्षात शिरली. बरणी मांडीवर, झारा एका बाजूला, चाचा दुसऱ्या बाजूला, आणि रिक्षावाला आरशातून ऐकणारा. 'मतलई' आला तेव्हा त्याने वळून सांगितलं, "ता मला ठाव हाय! जमिनीवरनं समुद्राकडे जातो तो वारा." चाचा म्हणाले, "तू पुढं बघ. आम्हाला स्टेशनला जायचाय, समुद्रात नाय." कुवारबावपर्यंत तेवीस झाले. स्टेशनच्या बाकावर पस्तीस. गाडीची घोषणा झाली तेव्हा अडतीस. गाडी येऊन उभी राहिली, झाराने सामान चढवलं, चाचा दारात उभे राहिले आणि खालून हाजराने एकोणचाळीस आणि चाळीस पुरे केले.

एकच उरला.

शिट्टी झाली. गाडीला हळूच हिसका बसला.

"चाचा!" हाजरा डब्याबरोबर चालत ओरडली. "वाव! वाव म्हणजे काय?"

गाडीच्या आवाजात चाचांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. हाजराने ओठ होतील तेवढे मोठे केले. "वा-व! 'बंदराबाहेर सात वाव पाणी'! तो म्हणतोय, सात संधी होत्या का?"

चाचांनी तिचे ओठ बघितले. मग त्यांचा चेहरा उजळला. झाराने त्यांना मागून कमरेत घट्ट धरलं, आणि त्यांनी दाराच्या चौकटीत दोन्ही हात असे काही पसरले की मागच्या माणसाच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर गेला. मान डावीकडे वळवून त्यांनी डाव्या बोटाचं टोक हलवलं. मग उजवीकडे वळवून उजव्या बोटाचं. इथपासून इथपर्यंत. मग खाली पाण्याकडे बोट दाखवावं तसं रुळांकडे दाखवलं आणि सात बोटं वर केली.

हाजराला कळलं. चालता चालता तिने आपलेही दोन्ही हात पसरले: असं? चाचांनी डोकं जोरजोरात हलवलं: असंच! आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

हाजरा तशीच उभी राहिली. फोन उजव्या हातात, हात पसरलेलाच.

"मैना," ती फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाली, "लिही. वाव. दोन्ही हात पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. पाण्याची खोली मोजायचं माप."

फोन थरथरला. हात न वाकवता मान लांब करून तिने पडदा वाचला. 'लिहिलं. एक शंका आहे. कोणाचे हात? माणसागणिक अंतर वेगळं येईल.'

"गनीचाचांचे."

'लिहिलं. एकेचाळीस पूर्ण.'

"ओ मॅडम," मागून हमाल म्हणाला, डोक्यावर दोन बॅगा आणि काखेत आंब्याची पेटी, "गळाभेट झाली असेल तर हात खाली घ्या. आमाला जायला वाट द्या."